घरी बसण्याला इंग्रजीत काय म्हणायचं

माझं इंग्रजी दादरच्या एका दातांच्या दवाखान्यातलं. मी तिथे रिसेप्शनला बसते. शाळा दहावीला सुटली, पण पेशंट आत गेला की बाहेरच्या टेबलावरची जुनी इंग्रजी मासिकं माझीच. आत ड्रिलचा आवाज, बाहेर माझा अभ्यास. त्यामुळे आमच्या ह्यांना, म्हणजे चिंतामणींना, इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं तेव्हा तयारी करून घ्यायला मीच बसले.

कंपनी माझगावची. जहाजाच्या मालाची कागदपत्रं करायची. अर्धं आयुष्य ह्यांनी तेच केलेलं. अडचण मधल्या तीन वर्षांची. तेव्हा काय करत होतात, हे विचारणारच.

"घरी होतो म्हणेन."

"इंग्रजीत सांगायचंय."

"सिटिंग ॲट होम."

"अहो, त्यांना वाटेल तीन वर्षं खुर्चीतून उठलाच नाहीत."

मग मी एकेक शब्द काढला. आपल्याकडेही आळशी, ऐदी, उडाणटप्पू, रिकामटेकडा असा साठा आहे, पण प्रत्येकात थोडी शिवी कालवलेली. इंग्रजांनी ती चाळून वेगळी ठेवलीय. 'लेझी' म्हणजे आळस हाडातच. 'लोफिंग' नाक्यावरच्या पोरांचं. 'लॉइटरिंग'ला समोर वॉचमन लागतो. तो हटकेपर्यंत ते नुसतं उभं राहणं असतं. 'लाउंजिंग'ला सोफा हवा, म्हणजे लालबागच्या आमच्या खोलीत ते होणे नाही. 'पॉटरिंग' माझा लाडका. पेन्शनवाला माणूस कुंडीत पाणी घालतो, सैल स्क्रू पिळतो आणि संध्याकाळ होते. आणि 'आयडल'. इंजिन सुरू असतं पण गाडी हलत नाही, ते आयडल. माणसाला लावला तर दोष माणसाचा की नशिबाचा, ते ऐकणाऱ्यानं ठरवायचं.

"हा बरा आहे," हे म्हणाले. "आयडल."

"हा मुळीच नाही. तुम्ही सांगायचं, आईची सेवा करत होतो. केअरगिव्हर. खरंच आहे ते, आणि हल्ली कंपन्यांना चालतं. सलोनीसुद्धा तेच म्हणाली."

सलोनी आमची मुलगी. लोअर परळच्या ऑफिसात माणसं नेमायच्या खात्यात आहे, म्हणजे तिला कळतं. ह्यांनी मात्र पेपर उघडला. मी ते होकारात धरलं.

माझ्या सासूबाईंनी इथेच, गिरणगावात, खानावळ चालवली. गिरण्यांमधली माणसं पंगतीला बसायची. दुसऱ्याला वाढण्यात जन्म गेला, पण स्वतःचं ताट कधी कुणाला उचलू दिलं नाही. त्यांची उजवी बाजू लुळी पडली, तेव्हा ह्यांनी रजा टाकली. आठवड्याभरात सासूबाईंच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी तोंड मिटलं. पेज नको, पाणी नको.

"माझ्यापायी तुझी नोकरी जायत तर माका अन्न नको," एवढंच म्हणाल्या. मी बाजूला चमचा घेऊन उभी. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी नळी घालायची भाषा काढली.

त्या संध्याकाळी हे त्यांच्या उशाशी बसले आणि म्हणाले, "आये, ऑफिसच बंद झाला. माका घरी बसवल्यानी."

सासूबाईंनी मान ह्यांच्याकडे वळवली. "मगे रिकामोच आसस?"

"रिकामोच."

"तर मगे भरव."

ऑफिस बंद झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी जाऊन ह्यांनी राजीनामा दिला. पुढे न्हाऊ घालणं, कुशीवर वळवणं, कपडे बदलणं, सगळं ह्यांनीच केलं. सासूबाई अधूनमधून लेकाला टोमणाही मारायच्या, "माझो झील मेलो रिकामटेकडो," आणि घास घ्यायच्या. चाळीनंही तेच धरलं. गेल्या श्रावणात त्या गेल्या.

इंटरव्ह्यूच्या दिवशी ह्यांचा शर्ट मी स्वतः इस्त्री केला. हे दुपारी परत आले, बूट काढले.

"विचारलं?"

"विचारलं. आयडल म्हणून सांगितलं."

माझा ताबा सुटला. "घोकून घेतलं ते कुणासाठी? एवढं केलंत, ते सांगायला लाज वाटते का?"

"लाज नाही गं." हे बुटांकडेच बघत होते. "आपल्यापायी पोराचं काही गेलं नाही, या समजुतीत ती गेली. आता ती नाही, म्हणून बाहेर जाऊन सांगू, की गेलं होतं?"

"आईंना आता कुठे ऐकू जाणार आहे?"

"मला जाणार ना."

मी स्वयंपाकाच्या ओट्याकडे वळले. सलोनीच्या लग्नाचं, घरभाड्याचं, माझ्या दुखणाऱ्या पाठीचं, बोलण्यासारखं पुष्कळ होतं. मी कुकर लावला.

दोन दिवसांनी माझ्याच मोबाइलवर फोन आला. ह्यांनी दुसरा नंबर म्हणून तो दिला होता. कंपनीतली मुलगी तरुण होती, आवाजानं गोड.

"मॅम, सरांचं काम पॅनेलला आवडलंय. फक्त तो गॅप. सर आयडल म्हणाले, पण मला वाटतं ते नर्व्हस होते. घरात काही होतं का? आजारपण वगैरे? तुम्ही सांगितलंत तर मी तशी नोट टाकते."

हे समोर मेथी निवडत होते. फोनचा आवाज मोठा, सगळं ऐकू जात होतं. हात थांबले. खुणावलं नाही, मान हलवली नाही. फक्त माझ्याकडे बघत राहिले, एखाद्या लहान मुलाचं गुपित आपण फोडायच्या बेतात असावं आणि त्यानं आपल्याकडे बघावं तसे.

वाक्य माझ्याकडे तयार होतं. व्याकरणासकट.

"नाही हो," मी म्हटलं. "घरीच होते. तसं काही नव्हतं."

"ओके मॅम. वी विल लेट यू नो."

हे इंग्रजी मला चांगलं कळतं. ज्या पेशंटला वेळ द्यायची नसते, त्याला मीही हेच सांगते.

ह्यांनी पुन्हा मेथी निवडायला घेतली. पानं ताटात, काड्या कागदावर. मी गॅलरीत जाऊन कठड्याला टेकले. शेजारचे कुशाबा कपडे वाळत घालत होते.

"काय वहिनी, आमचे मित्र अजून बसूनच?"

"बसूनच," मी म्हटलं. आवाज बरोबर निघाला. तोंड मात्र मला रस्त्याकडे वळवावं लागलं.