तिसरी ओळ

भुयारी स्टेशनातल्या पाटीवर तीन ओळी असतात, आणि जो जी ओळ वाचेल तो तिच्याच वाटेने बाहेर पडतो. मराठी ओळ मंडईपाशी काढते, हिंदी बसडेपोपाशी. इंग्रजी कुठे काढते ते अनसूयाबाईंना ठाऊक नव्हतं. तिकडे गेलेली माणसं फोनवर मजेत आहोत म्हणत, पण परत आलेलं कुणी त्यांच्या पाहण्यात नव्हतं. शहराला याची सवय झाली होती. जिना उतरण्याआधी माणसं कुठली ओळ वाचायची ते ठरवून घेत आणि हात धरून तेवढीच वाचत.

सुनेने बजावलं होतं, रेवाला पाटीकडे बघू देऊ नका. पण नातीचं कौतुक कुणाला आवरलंय? पोर पहिलीत गेली होती आणि नुकतीच इंग्रजी वाचू लागली होती. बाकावर एक बाई बसली होती. तिला ऐकू जाईल अशा बेताने अनसूयाबाई म्हणाल्या, "वाच गं रेवा, काय लिहिलंय?"

रेवाने खाडखाड वाचलं. अनसूयाबाईंच्या हातात नुसती त्यांचीच मूठ उरली. बाकावरच्या बाईने मान फिरवली.

"आजी, तू कुठे गेलीस?" भिंतीपलीकडून आवाज आला.

अनसूयाबाईंनी भिंत चाचपली. त्यांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पोरीला मराठीचं. त्यांनी सुनेला फोन लावला, ती रिक्षात बसलीसुद्धा. स्टेशनचा वॉचमन धावत आला आणि म्हणाला, ती ओळ वाचता येणारंच कुणी पोरीपर्यंत पोचेल. तोवर पोरीने पुढचं काही वाचलं नाही म्हणजे झालं, वाचलं की ती आणखी लांब जाणार. पलीकडे इंग्रजीच तेवढी ओढते.

"आजी, इथे अजून एक बोर्ड आहे." आवाज बारीक झाला होता.

"वाचू नकोस!"

"मी वाचत नाहीये. ते आपोआप वाचलं जातं."

खरंच होतं ते. एकदा वाचायला आलं की न वाचणं कुणाला जमतं? अनसूयाबाई भिंतीला तोंड लावून म्हणाल्या, "डोळ्यांवर हात ठेव, बाळा. आई येतेय. घट्ट ठेव."

"ठेवले."

त्यांचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच वरचा कर्णा खरखरला. स्टेशन रिकामं करावं, अशी सूचना कर्ण्यातल्या बाईने मराठीत सांगायला घेतली, आणि अनसूयाबाईंचे पाय मंडईच्या दिशेने चालू लागले. त्यांनी कठडा पकडला, चप्पल निघून पुढे गेली. मग तीच सूचना हिंदीत झाली. हिंदी त्यांना सिनेमापुरतीच येत होती, पण तेवढ्यानेही टाचा उचलल्या.

"रेवा, कान झाक! दोन्ही हातांनी कान झाक!"

"कसे झाकू, आजी? हात डोळ्यांवर आहेत."

हिंदी संपली. कर्ण्यातल्या बाईने श्वास घेतला.