मागची रांग

तिसरं तिकीट नवऱ्याच्या खाकी शर्टाच्या खिशातून निघालं, तेव्हा तिने लाँड्रीचं दार आतून लोटून घेतलं.

"अगं, गिऱ्हाईक येईल ना!" इस्त्रीच्या टेबलावरून तिची जोडीदारीण ओरडली. तिला दुकानात सगळे 'वाफ' म्हणत.

"येऊ दे. हे बघ आधी."

काउंटरवर तिला एकोणीस वर्षं झाली होती. कपडा मशीनमध्ये जाण्याआधी खिसे तपासायचे, हे तिचं काम. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, एकच डूल, भलत्याच गावाचं बसचं तिकीट, जे निघेल ते पाकिटात घालून ती गिऱ्हाइकाला परत करायची आणि चेहरा कोरा ठेवायची. आज तो कोरा राहीना.

वाफेने तिकीट उजेडात धरलं. "सहलीचा पिक्चर? अकरावीतल्या पोरांचा? अगं, हा तर आपल्या वेळचा! आमचा अख्खा वर्ग शाळा बुडवून गेला होता."

"माहितीय. जुन्या थिएटरात दर गुरुवारी दुपारी लावतात. आणि हे मला सांगतात, गुरुवारी जादा ड्यूटी आहे म्हणून."

"असेल हौस. लाज वाटत असेल सांगायला."

"रांगा बघ." तिने आधीची दोन्ही तिकिटं पर्समधून काढून शेजारी ठेवली. "पहिलं एफचं. मग के. आता पी. मागे मागे सरकतायत."

वाफेने पीच्या तिकिटावर बोट टेकवलं. मग म्हणाली, "पी म्हणजे अगदी शेवटची गं. तिथे बसून पिक्चर कोण बघतं?"

तिने नवऱ्याच्या बस डेपोत फोन लावला. ड्यूट्या लावणारा कंट्रोलर ओळखीचा होता. "गुरुवारी? गुरुवारी त्यांची सुट्टी असते, वहिनी. महिन्यापूर्वीच बदलून घेतली ना त्यांनी. सांगितलं नाही का?"

"सांगितलं हो, माझ्याच लक्षात नाही राहिलं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या संध्याकाळपासून ती नवऱ्याला निरखायला लागली. तेवीस वर्षं शहरात बस चालवणारा माणूस, पण चहाचा कप ठेवताना हात टेबलाची कड चाचपायचा. ती शेजारी येऊन उभी राहिली, तरी वर बघायचा नाही. ती बोलली की दचकायचा. मनात काहीतरी असल्याशिवाय माणूस असा दचकतो का? एकदा तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "अहो, तो आपल्या वेळचा पिक्चर आठवतो का? ती मुलगी पाण्याच्या टाकीवर चढून हिरवा रुमाल हलवते तो?"

त्याने घास तसाच धरून ठेवला. "का गं? आज एकदम?"

"असंच."

"आठवतो ना. सतरा वेळा पाहिला होता मी," तो म्हणाला आणि हात धुवायला उठला. पान अर्धं तसंच होतं.

गुरुवारी तिने वाफेला काउंटरवर बसवलं आणि थिएटर गाठलं. जाताना तिने ठेवणीतली साडी नेसली होती. त्या दुसरीने पाहिलं तर नीट पाहावं, एवढाच विचार.

आत निम्मं थिएटर भरलं होतं आणि सगळे तिच्याच वयाचे. टक्कल पडलेले बाप्ये शिट्ट्या मारत होते. सहलीची बस घाटात बंद पडली, तशी पडद्यावरचा वात्रट पोरगा काय बोलणार ते अख्ख्या थिएटरने त्याच्याआधी बोलून टाकलं. एरवी तीही बोलली असती. तीन वेळा पाहिला होता तिने. पण तिचं लक्ष पडद्याकडे नव्हतंच. ती दारापाशी भिंतीला टेकून शेवटची रांग शोधत होती.

तो बसला होता. त्याच्या डाव्या हाताला हिरव्या कुडत्यातली एक बाई. तो तिच्याकडे झुकला, काहीतरी बोलला. बाई हसून काहीतरी म्हणाली.

दारापाशी तिने पदर खोचला. सगळ्यांसमोर काय बोलायचं, ते शब्द तिने चार दिवस घोकून ठेवले होते. मध्यंतर झालं, दिवे लागले. हिरव्या कुडत्यातली बाई उठली, पुढच्या रांगेतल्या दोन मैत्रिणींना जाऊन मिळाली, आणि तिघी टाळ्या देत बाहेर निघून गेल्या. परतल्या त्या पुढेच बसल्या. तो जागचा हलला नव्हता.

दिवे मालवले तशी ती दारापासून निघाली आणि त्याच्या डावीकडच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसली. वाट पाहू लागली. आता बघेल. आता चपापेल.

त्याने बघितलंच नाही. तिच्या कोपराला त्याची बाही घासत होती. तो एक डोळा तळहाताने झाकायचा, मग दुसरा. पडद्यावर पोरांचं गाणं रंगात आलं होतं. तो जरासा कलला आणि मान न वळवता म्हणाला, "ताई, एक सांगता का? ती मुलगी आली का हो टाकीवर? डाव्या कोपऱ्यात असते बघा."

ती पडद्याकडे बघत राहिली. डाव्या कोपऱ्यात, टाकीवर, मुलगी केव्हाची उभी होती. रुमाल जोरजोरात हलत होता.

"आली," ती हळूच म्हणाली.

गाण्याच्या गलक्यात त्याला आवाज ओळखू आला नाही. "गेल्या गुरुवारी इथून दिसली होती," तो म्हणाला. ते बोलणं तिच्याशी नव्हतंच.

तेव्हा तिने त्याचा हात धरला. हात ओळखायला मात्र त्याला वेळ लागला नाही.

पिक्चर तसाच टाकून दोघं बाहेर आली. थिएटरच्या पायऱ्यांवर भर दुपारचं ऊन होतं.

"कधीपासून?"

"दोन-तीन महिने झाले. कडेकडेचं जातंय. डावीकडचं जास्त." तो खाली बघत होता. "डोळे तपासायला गेलो तर कागदावर येईल, गाडी हातची जाईल. म्हटलं, आपलं आपण बघावं. या पिक्चरमध्ये कुठे काय आहे ते मला पाठ आहे. जे दिसत नाही, ते गेलं. मागे बसलं की पडदा लहान होतो, सगळा मावतो. आज मागूनही मावला नाही."

"आणि बस?"

"मान वळवून वळवून चालवतो."

"अहो, माणसं असतात तिच्यात!"

तो पायरीवर बसला. मग म्हणाला, "परवा एक पोरगी सायकलवरून आली. डावीकडून. कंडक्टर ओरडला म्हणून ब्रेक लागला." मग तिच्या साडीकडे मान पूर्ण वळवून त्याने विचारलं, "तू का आलीस?"

"मला वाटलं, बाई आहे."

तो हसला. "तसं असतं तर भांडून मिटलं असतं गं."

"उद्या डॉक्टरकडे जाऊ."

"उद्या पहाटेची पहिली गाडी माझी आहे." तो उठला. "आधी डेपोत चल."

कंट्रोलरने अर्ज वाचला, पुन्हा वाचला. "घाई करू नका हो. आठ दिवस रजा घ्या, मग बघू."

"रजा नको. गाडीवरून उतरवा मला. डॉक्टर काय म्हणायचं ते म्हणू देत." सही करताना त्याने पेनाचं टोक रेघेवर नीट टेकवून घेतलं, मगच हात चालवला.

बाहेर त्याचीच गाडी निघायच्या बेतात होती. नवा ड्रायव्हर आरसे लावून घेत होता. तिचा नवरा खिडकीखाली जाऊन उभा राहिला.

"तिसरा गियर जरा अडतो हिचा. दांडगाई नको करू. क्षणभर थांब, आपोआप पडतो."

"बरं, दादा."

गाडी फाटकातून वळली. तो बघत नव्हता, मान खाली घालून ऐकत होता. पहिला पडला. दुसरा पडला. मग जरासा खंड गेला आणि तिसरा पडला, मऊ.

"शिकेल," तो म्हणाला.