नंदीवेसची पाच नवी पोरं

वली मुजावर गावाहून सुट्टी संपवून आला, की पहिल्या शुक्रवारी शारजात अण्णासाहेबांच्या फ्लॅटवर बैठक ठरलेली. वलीच्या बॅगेत दोन गोष्टी हमखास असायच्या. एक त्याच्या आईनं केलेली कांदा-लसणाची चटणी आणि दुसरी व्हिडिओ कॅसेट. अण्णासाहेबांचा हमरिया फ्री झोनमध्ये मसाल्याचा कारखाना होता, तरी चटणीची बरणी उघडली की ते म्हणायचे, "हे आमच्या मशीनला जमत नाही बाबा." मग ते कॅसेटकडे हात करायचे.

कॅसेट असायची नंदीवेस तालमीच्या फुटबॉल टीमच्या सराव सामन्याची. कोल्हापुरात पेठांच्या तालमीच फुटबॉलच्या टीम उतरवतात. हंगाम सुरू व्हायच्या आधी तालीम नवी पोरं बघते, त्यांना जुन्यांबरोबर खेळवते आणि मग नोंदणी करते. तालमीचे अध्यक्ष राजाभाऊ हा सामना कुणाच्या तरी गच्चीवरून शूट करून घ्यायचे आणि दुबईकडं येणाऱ्या माणसाच्या हाती द्यायचे. टीमच्या जर्सी दरवर्षी अण्णासाहेब द्यायचे, म्हणून त्यांच्या मताला मान होता. आणि अण्णासाहेबांचं मत म्हणजे प्रल्हादचं मत, हे राजाभाऊंनाही ठाऊक होतं.

प्रल्हाद दहा वर्षं नंदीवेसकडून लेफ्टला खेळलेला. त्या दहा वर्षांत कॉलेज सुटलं, खेळाडू म्हणून लागलेली सूतगिरणीची नोकरी गिरणीबरोबर बुडाली आणि नव्वद साली तो इकडं आला. आता दुबई मरीनाला समुद्राकाठी टॉवर उठत होते, तिथं तो शटरिंगचा फोरमन होता. राहायला सोनापूरच्या कामगार कॅम्पात, एका खोलीत सहा जण. दोन वर्षांतून एकदा दीड महिना सुट्टी. बायको उर्मिला आणि मुलगा वेद कोल्हापुरात. मागच्या सुट्टीत वेदची दहावी झाली होती, तेव्हा प्रल्हादनं त्याला समोर बसवून सांगितलं होतं, "फुटबॉल आता खलास. डिप्लोमा करायचा. माझ्याकडं बघ आणि शहाणा हो." वेद मान खाली घालून बरं म्हणाला होता.

तो दोन हजार एक सालचा ऑक्टोबर होता. जुम्म्याची नमाज उरकून वली आला, पाठोपाठ रुपेश आला. रुपेश नंदीवेसच्याच पेठेतला, सत्तावीस वर्षांचा, एका शिपिंग कंपनीत अकाउंटंट. जन्मात बॉलला पाय लावला नव्हता, पण कुठल्या साली कुणी किती गोल केले ते तोंडपाठ. प्रल्हाद कॅम्पातून दोन बस बदलून पोचला तेव्हा शालिनीवहिनींनी तांबडा रस्सा वाढायला घेतलाच होता. वली मात्र नेहमीसारखा बोलत नव्हता.

"काय रं, गावाकडं कुणाशी भांडून आलास काय?" प्रल्हादनं विचारलं.

"नाही गड्या, दमलोय," वली म्हणाला आणि पाण्याचा ग्लास उचलला.

जेवणं झाली आणि कॅसेट लागली. गांधी मैदानाची तांबडी माती पडद्यावर आली तसे सगळे जरा पुढं सरकले. चित्र हलत होतं, माणसं बोटाएवढी दिसत होती, चेहरे तर ओळखूच येत नव्हते. मैदानाच्या कडेला लोक उभे होते, एक म्हैस निवांत चालली होती, आणि कॅमेऱ्यामागचा कुणीतरी सारखा खोकत होता. हे सगळं त्यांना इतकं आवडायचं, की पहिली पाच मिनिटं खेळाकडं कुणाचं लक्षच नसायचं.

"पिंपळाची फांदी तोडली काय रं?" अण्णासाहेबांनी विचारलं.

"लाइटच्या तारा नेल्या तिथनं," वली म्हणाला.

"तोडायची नव्हती," अण्णासाहेब म्हणाले.

यंदा पाच नवी पोरं होती, पांढऱ्या बनियनवर. नोंदणी त्यांतल्या तिघांचीच व्हायची होती. रुपेशनं वही उघडली.

"हा गोलकीपर बघा, बॉल धरतोय की मांजर?"

"असू दे. हात लांब आहेत," प्रल्हाद म्हणाला. "भीत नाही. घ्या त्याला."

"आणि हा डिफेन्समधला स्टॉपर? वजन केवढं आहे!"

"वजनाचं सोड. बघ, जागा सोडत नाही तो. पळायला शिकवता येतं, उभं राहायला नाही शिकवता येत."

असं चाललं होतं. बोलताना प्रल्हादचा आवाज वेगळाच व्हायचा. साइटवर तो हिंदीत ओरडायचा, इंजिनियरसमोर येस सर म्हणायचा, पण इथं कार्पेटवर मांडी घालून बसला की तो पुन्हा नंदीवेसचा प्रल्हाद असायचा, ज्याला पेठेत चहावाला पैसे मागायचा नाही.

चौथं पोरगं लेफ्टला होतं. उंच, काटकुळं. पहिला बॉल त्यानं डाव्या पायावर असा अलगद घेतला, की प्रल्हादच्या तोंडून आपसूक "अहाहा" निघालं. पोरानं एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं. आणि तिसरा समोर यायच्या आतच त्यानं मान वळवून मागं बघितलं. तेवढ्यात बॉल गेला. पुन्हा बॉल आला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तसंच झालं तेव्हा प्रल्हादनं मांडीवर थाप मारली.

"कच्चा आहे. पाय आहे, पण धीर नाही. बॉल आला की चोरासारखा मागं काय बघतो? उजवा पाय तर नुसता चालायला ठेवलाय. बापानं कधी मैदानात नेलं नाही काय याला? रुपेश, काट मार. यंदा नको हा."

रुपेशनं काट मारली. वलीनं ग्लास खाली ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला.

मागं जेवणाच्या टेबलावर अण्णासाहेबांची मुलगी पर्णिका होमवर्क करत बसली होती. चौदा वर्षांची, शारजातच वाढलेली. तिनं पेन्सिलनं टीव्हीकडं दाखवलं. "बट अंकल, ही रन्स लाइक यू."

"कोण गं?"

"दॅट बॉय. सेम टू सेम. द एल्बो, सी?"

शुक्रवारी सकाळी बिल्डिंगमागच्या रिकाम्या प्लॉटवर ही मंडळी पोरांबरोबर बॉल मारायची, तेव्हा पर्णिकानं प्रल्हादला पळताना पाहिलं होतं. उजवा कोपरा बरगडीला चिकटलेला आणि डावा हात मोकळा, जणू काखेत वर्तमानपत्र धरून पळतोय. पडद्यावरचं पोरगं तसंच पळत होतं.

प्रल्हाद हसला. मग त्यानं वलीकडं बघितलं आणि त्याचं हसू तिथंच थांबलं.

"पोरीनं ओळखलं," वली म्हणाला. "प्रल्हाद, तो वेद आहे."

पडद्यावर कॅमेऱ्यामागचा माणूस खोकला.

"उर्मिलावहिनींनी सांगितलं होतं, आधी तुला बघू दे, मग सांगा म्हणून," वली घाईनं बोलत सुटला. "कॉलेज बुडवत नाही रे तो. सकाळी साडेपाचला मैदानात असतो. तुला कळलं तर तू फोनवर ओरडशील, म्हणून दोघं गप्प होती. मी तरी काय करणार? जेवायच्या आधी सांगणार होतो, पण तुझं तोंड बघून धीर झाला नाही."

प्रल्हादला राग यायला हवा होता. तो रागाची वाटही बघत होता. पण मनात एकच गोष्ट फिरत होती. गेला अर्धा तास आपण आपल्या पोराला बघत होतो आणि ओळखलं नाही. मागच्या वेळी वेद त्याच्या खांद्याला लागत होता. हे पडद्यावरचं पोरगं स्टॉपरपेक्षा उंच होतं. हे कधी झालं? गणपतीत आलेला फोटो त्याच्या पाकिटात होता, पण त्यात वेद बसलेला होता. उंची कशी कळणार?

"मागं घे," तो म्हणाला.

रुपेशनं कॅसेट मागं घेतली. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा प्रल्हाद टीव्हीच्या इतका जवळ जाऊन बसला, की बाकीच्यांना काही दिसेना, पण कुणी त्याला सरक म्हटलं नाही. शालिनीवहिनींनी आणलेला चहा निवून गेला.

शेवटी अण्णासाहेबांनी हळूच विचारलं, "उद्या राजाभाऊंना फोन करायचाय. काय सांगू?"

"बाकी चौघांचं सांगा. वेदचं मी काही म्हटलं नाही म्हणा."

"काट खोडतो मी," रुपेश म्हणाला.

"नको. काट बरोबर होती. पण ती माझ्या तोंडून जायला नको आणि माझ्या तोंडून तो आत जायलाही नको. राजाभाऊंना ठरवू दे."

संध्याकाळी सहाला तो कार्ड घेऊन फोन बूथवर उभा राहिला. कोल्हापुरात तेव्हा साडेसात वाजले होते. फोन वेदनंच घेतला. आवाजही फुटून जाड झाला होता, पण तो निदान ओळखीचा होता.

"कॅसेट बघितली," प्रल्हाद म्हणाला.

"ओरडणार आहात काय, पप्पा?"

"कॉलेजला जातोस?"

"जातो. पहिल्या वर्षाला फर्स्ट क्लास आहे."

"बरं." प्रल्हादला जे येत होतं तेच तो बोलला. "डावा पाय चांगला आहे तुझा. माझ्यापेक्षा चांगला. पण बॉल आला की मागं का बघतोस? तिथंच घालवतोस सगळं."

"बघावं लागतं," वेद म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, हवापाणी सांगावं तसं तो सांगत होता. "बाकीच्यांचे वडील, काका, कोण ना कोण लाइनवर उभं असतं. मागनं माणूस आला की ते ओरडतात. त्यांना वळायला लागत नाही. माझं कोण ओरडणार? मग मीच बघतो."

बूथबाहेर एक माणूस आपल्या पाळीची वाट बघत उभा होता. प्रल्हादनं त्याच्याकडं पाठ केली.

"पप्पा? ऐकू येतंय काय?"

"येतंय," तो म्हणाला. "आईला दे."

राजाभाऊंनी गोलकीपर आणि स्टॉपर घेतले, आणि तिसरा वेद. प्रल्हादच्या पोराला घ्यायचं म्हणून नव्हे, तर लेफ्टला दुसरं कुणी नव्हतं म्हणून, असं त्यांनी अण्णासाहेबांना मुद्दाम सांगितलं. प्रल्हादला ते ऐकून बरं वाटलं.

पहिला सामना रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी होता, शाहू स्टेडियमवर, बुरूज तालमीविरुद्ध. प्रल्हादनं ऑफिसात जाऊन आठ दिवसांची सुट्टी मागितली. अकरा वर्षांत त्यानं अशी मधेच सुट्टी कधी मागितली नव्हती. इंजिनियर वाईट माणूस नव्हता. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाला, "भाई, उसी हफ्ते राफ्ट का कास्टिंग है. तुम नहीं तो कौन देखेगा? मई में पूरी छुट्टी, इन्शाल्ला." प्रल्हादनं चहा संपवला आणि साइटवर परत गेला.

त्या शुक्रवारी त्यानं उर्मिलाला विचारलं, "तू जाशील काय मॅचला?"

"मी?" उर्मिला हसली. "सतरा वर्षं झाली लग्नाला, तुमची तरी एक मॅच बघितली काय मी? बॉल कुठला आणि गोल कुठला मला कळत नाही."

"कळायला नको. एवढंच बघायचं. वेदकडं बॉल आला, की बॉलकडं बघायचं नाही. त्याच्या मागं बघायचं. मागनं कुणी धावत आलं की ओरडायचं."

"काय ओरडायचं?"

"'मागं!' एवढंच."

पुढचे सहा शुक्रवार कार्डावर हेच चाललं. कुठं उभं राहायचं, ऊन कुठल्या बाजूला असतं, डावी बाजू कुठली आणि हाफटाइमनंतर ती कशी बदलते. उर्मिला सकाळी सरावालाही जाऊ लागली. पहिल्या दिवशी तिला लाज वाटली. तिसऱ्या दिवशी ती इतक्या जोरात ओरडली, की स्टॉपरही थांबून बघायला लागला. हे सांगताना ती फोनवर खूप हसली. प्रल्हादही हसला. रात्रीचं जेवण, फी, दुरुस्ती, औषधं याच्यापलीकडं दोघं इतकं कधी बोललीच नव्हती.

सामन्याच्या दिवशी ईदची सुट्टी होती, पण प्रल्हादची साइट चालू होती. पायाच्या काँक्रीटचं कास्टिंग दुपारी आटपलं. हातावर सिमेंट तसंच ठेवून तो साइटबाहेरच्या बूथवर गेला. कोल्हापुरात सामना संपून तासभर झाला असणार. घंटी बराच वेळ वाजत राहिली आणि मग उर्मिलानं धापा टाकत फोन घेतला.

"आत्ता येतेय घरात," ती म्हणाली.

"काय झालं?"

"हरलो. एक-शून्य."

"आणि वेद?"

"शेवटची वीस मिनिटं आत होता. अहो, केवढी गर्दी! बायका एका कोपऱ्यात, मी तिथनं उठून खाली जाळीपाशी गेले. तिघांनी हटकलं मला. मी म्हटलं, माझं पोरगं आहे आत."

"ओरडलीस?"

"घसा बसलाय, ऐकू येत नाही काय? पण एवढ्या आवाजात त्याला कुठलं ऐकू जातंय! पहिल्यांदा त्यानं मागं बघितलं, बॉल गेला. दुसऱ्यांदाही गेला. तिसऱ्यांदा नाही बघितलं. ऐकू आलं म्हणून, की असंच, कोण जाणे. सरळ गेला आणि मारला. खांबाला लागला."

"कुठल्या खांबाला?"

"लांबच्या."

"कुठल्या पायानं?"

उर्मिला आठवत होती. प्रल्हादनं डोळे मिटले. समोर ऊन कलत होतं, क्रेन थांबल्या होत्या, आणि त्याला मैदानाचं फक्त तेवढंच दिसत होतं जेवढं ती सांगेल.

"ते नाही बघितलं," ती शेवटी हळूच म्हणाली. "मी त्याच्या मागंच बघत होते. तुम्ही सांगितलं होतं तसं."

"बरोबर केलंस," तो म्हणाला. "बरोबर केलंस. आता पहिल्यापासनं सांग. स्टेडियमच्या दारापासनं."

आणि ती सांगू लागली.