कुंडमचं अस्वल आणि संत्र्याची साल

दिवाळीच्या तापात पुष्पाआजीचं नाक गेलं, आणि ही गोष्ट तिनं कोणालाच सांगितली नव्हती. तसं नाक जागेवरच होतं, चांगलं धारदार, चमकी घातलेलं. पण आतून ठप्प. हिंगाची फोडणी दिली आणि काहीच वास आला नाही, तेव्हा तिला वाटलं, हिंगच भेसळीचा. मग उदबत्तीचं तसंच झालं. मग खोबरेल तेलाचं. तेव्हा मात्र ती एकटीच गच्चीवर जाऊन बसली.

सांगणार कशी? दोनदा दूध जळलं, तेव्हाच सून विनीता म्हणाली होती, "आई, आणखी एकदा असं झालं ना, तर किचन माझ्याकडे. तुम्ही आरामात उन्हात बसायचं." उन्हात बसायचं म्हणजे काय, ते आजीला पक्कं ठाऊक होतं. त्यांच्याच विजय नगरातल्या, अशा उन्हात बसवलेल्या बायका तिनं पाहिल्या होत्या.

त्यात आल्या बड्या दिनाच्या, म्हणजे नाताळच्या सुट्ट्या. काटोलहून, आजीच्या माहेराहून, संत्र्यांची पेटी येऊन पडली. दर हिवाळ्यात या सुट्ट्यांत घरात संत्र्याचं गरम व्हायचं. पाण्यात गूळ, दालचिनी, लवंग, सुंठ आणि संत्र्याची साल उकळायची. सालीचा वास गोडाकडून कडूकडे वळायला लागला, की लगेच साल बाहेर, गॅस बंद, आणि मग वरून रस. जरा उशीर झाला की पातेलंभर कडू. तो वळणारा वास घरात फक्त आजीला कळायचा. बैठकीत गप्पा मारता मारता ती "वळला!" म्हणून उठून पळायची.

यंदा नाक दुसऱ्याचं आणावं लागणार होतं. आणि तसं नाक एकच होतं, नणंदेचं. शकुताई सुट्टीसाठी शहरातल्याच गोहलपुरातून आली होती. तिथं मुलाच्या वर्कशॉपच्या वरच्या खोल्यांत ती राहायची. ही बाई जन्मात कधी खोटं बोलली नाही, आणि दुसऱ्याचं खोटंही चालू द्यायची नाही.

"शकुताई, ये ना, इथं ओट्यापाशी बसून मटार सोल."

"काहून? बाहेर मस्त ऊन पडलं आहे."

"वेदांगला अस्वलाची गोष्ट सांगायची आहे."

अस्वल म्हटल्यावर नातू पळतच आला. "भालू? आजी, कौनसा भालू?"

"कुंडमच्या जंगलातलं. तुझे आजोबा सायकलवर संत्री घेऊन येऊन राहिले होते, आणि मागं हे एवढं अस्वल!"

"दादाला सायकल येतच नव्हती," शकुताई म्हणाली.

"म्हणूनच तर अस्वलानं गाठलं ना! मग आजोबांनी तिथंच तीन दगड मांडले आणि हे गरम उकळायला ठेवलं. अस्वल समोर मांडी घालून बसलं. त्याचं नाक असं तिखट बाप्पा, की साल काढायची वेळ झाली की ते पंजा वर करायचं. चलो, आता मी आजोबा आणि शकुआजी अस्वल."

"मी अस्वलबिस्वल काही होत नाही."

"शकुआजी भालू! शकुआजी भालू!" वेदांग नाचायला लागला.

पाणी खदखदलं. आजीच्या तोंडात अस्वल होतं, पण डोळे शकुताईच्या हाताकडे. हात मटारात होता. मटारातच राहिला. मग थांबला, आणि नाइलाजानं का होईना, वर आला.

आजीनं साल काढली, गॅस बंद केला, रस ओतला. जिंकली! पातेलं बाजूला ठेवताना कोपर दुसऱ्या बर्नरच्या सैल बटणाला लागलं, ते तिला कळलंच नाही. चहाचं आधण ठेवावं म्हणून तिनं लायटर उचलला, तोच शकुताईनं तिचं मनगट धरलं.

"वहिनी! गॅस सुटून राहिला!"

शकुताईनं बटण फिरवलं, खिडकी उघडली. वेदांग तिथंच ओट्याला टेकून उभा होता.

"तुला वास नाही आला?"

"आला ना. तुझी परीक्षा घेऊन राहिली होती," आजी म्हणाली. शकुताई एरवी यावर तासभर भांडली असती. आज तिनं वहिनीच्या हातातला लायटर तेवढा काढून घेतला.

बाहेर सगळे पेले घेऊन बसले. मुलगा अतुल म्हणाला, "आई, यंदा तर कमाल! साल अगदी टायमावर काढली." आजीनं घोट घेतला. नुसतं गोड आणि गरम. दालचिनी नाही, संत्रं नाही. समोर वेदांग पेल्यात बोट घालून चाटत होता. किचन जाणार ते जाऊ दे, तिला वाटलं.

"अतुल, मला वास येत नाही. दिवाळीपासून. आज शकुताई नसती तर..."

"अच्छा," अतुल म्हणाला, "म्हणजे नाक अस्वलानं नेलं?"

विनीताला ठसका लागला. वेदांगनं टाळ्या पिटल्या, "भालू नाक ले गया!"

"अरे, खरं सांगून राहिली मी!"

यावर तर सगळे जास्तच हसले. आजीनं आयुष्यभर एवढ्या थापा मारल्या होत्या, की आज खरं बोलायला जागाच उरली नव्हती. तिनं शकुताईकडे पाहिलं. नणंदेनं एवढं म्हटलं असतं, की वहिनी खरं बोलते, तर सगळ्यांनी लगेच मानलं असतं.

शकुताईनं पेला खाली ठेवला. "अतुल, माझे गुडघे गेले रे. डॉक्टर म्हणाला, जिना बंद. मी आता इथंच राहते. आणि मला बसून राहणं जमत नाही, किचनमध्ये वहिनीसोबत मीही असणार. दोघी मिळून करू. आणि ती शेगडी उद्याच बदल, बटण सैल आहे."

"अगं आत्या, आधी नाही का सांगायचं? राहा ना!" अतुलला तिळभरही शंका आली नाही. विनीता तर लगेच उशी आणायला उठली.

सकाळीच ही बाई रजई उन्हात टाकायला गच्चीचा जिना धडाधड चढून गेली होती. आजीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ती शकुताईकडे झुकली.

"कोणता गं डॉक्टर?"

"कुंडमचा," शकुताई पेल्यात बघत हळूच म्हणाली. "जरा केसाळ आहे."