चौदा चिंचोके

किन्हीराजातल्या कस्तुराबाईच्या गोठ्यात यंदा बकऱ्यांची नऊ पिल्लं गेली. आदल्या वर्षी पाच गेली होती. मधे घडलं ते एवढंच, की धनजची अंजू सून होऊन आली. कस्तुराबाईनं त्यावरूनच ठरवलं, पोरगी पांढऱ्या पायाची, तिला माहेरी पोचवा. सार्थकनं आईपुढं मान खाली घातली, बायकोची पिशवी मोटरसायकलला बांधली आणि गाडी चालू केली.

नेमकी तेव्हाच शेजारच्या उकंडरावची पौर्णिमा वांगी घ्यायला आली. ती मालेगावच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि आपला ढोबळ हिशेब सांगितला. नऊ आणि पाच चौदा. चौदाचं वर्गमूळ पावणेचार, त्याची दुप्पट साडेसात. फरक त्याहून मोठा असेल तर काहीतरी घडलं म्हणावं. इथं फरक चारचा. एवढं तर आपसूक होतं.

"मले नको शिकवू, बाई," कस्तुराबाई म्हणाली. "ते पिल्ले म्या पोटच्यावानी जपले."

पौर्णिमानं वाद घातला नाही. बाया पटावर खेळतात ते फोडलेले चिंचोके तिनं मागून घेतले, एका अंगानं काळे, एका अंगानं पांढरे. चौदा मोजून म्हातारीच्या ओंजळीत दिले आणि खाली टाकायला सांगितले. काळे पडतील ती अंजूच्या वर्षी गेलेली पिल्लं, पांढरे पडतील ती आदल्या वर्षाची.

पहिल्यांदा सात-सात पडले. मग पांढरे जास्त. तिसऱ्या खेपेला म्हातारीनं ओंजळ सोडली, तर काळे नऊ.

"हे कोणाच्या पायानं पडले, काकू?"

कस्तुराबाई आपल्या रिकाम्या हातांकडं बघत राहिली. मग मागं न वळताच लेकाला म्हणाली, "गाडी बंद कर."

मेथीच्या वाफ्याशी उभी अंजू तेव्हा सासूकडं बघत पहिल्यांदा बोलली.

"आत्याबाई, चवदाच्या चवदा काळे पडले असते तं?"

"तं आपण पाण्यात पाह्यलं असतं, चाऱ्यात पाह्यलं असतं," पौर्णिमा घाईनं म्हणाली. "तुह्यात नाही."

"मी तुमाले नाही इचारून राह्यली, ताई."

सासू गाडीजवळ गेली, पिशवीची गाठ सोडवू लागली. लेकानं घट्ट बांधली होती. सुटेना. सार्थक हात लावायला पुढं झाला, तर तिनं त्याचा हात झटकला.

अंजू बघत राहिली. जागची हलली नाही.