घासून लख्ख परत आलेला गंज

मी एक जुना पितळी गंज आहे, आणि वयाच्या मानाने मला ऐकू फार चांगलं येतं. गंज म्हणजे मोठं पातेलं. विदर्भातली माणसं असंच म्हणतात. भंडाऱ्याच्या एका कारागिराने मला ठोकून ठोकून घडवलं. माझे आताचे मालक शामराव, त्यांचे वडील रेल्वेत नोकरीला लागले, तेव्हा पोत्यात गुंडाळून ते मला रायपूरला घेऊन आले.

मित्रांनो, तेव्हा आम्हीच बाहेरचे होतो. नळावर बायका कुजबुजायच्या, "नागपूरवाले आकर सारी नौकरी खा गए." पुढे रुळांजवळचा आमचा पारा, म्हणजे मोहल्ला, मराठी बौद्ध घरांनी भरला आणि मी साऱ्या पाऱ्याचा झालो. बुद्ध पौर्णिमेची खीर माझ्यातच शिजे. लग्न असो, बारसं असो, लोक मला हक्काने मागून नेत. रीत एकच होती: मला रिकामं परत पाठवायचं नाही. डावभर भात, गुळाचा खडा, काहीतरी तळाशी हवंच. ज्यांच्या आजोबांच्या हातचं पाणीसुद्धा कोणी पीत नव्हतं, त्या लोकांची ही रीत होती. म्हणून ते तिला जिवापाड जपत.

मग रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं. शंकर नगरकडे इमारती उठू लागल्या आणि ओडिशा, बिहार, बंगालमधून माणसं कामाला येऊ लागली. शामरावांच्या घरात तर मोठी गंमत झाली. त्यांच्या बायकोने, कलावतीबाईंनी, मागची खोली भाड्याने दिली. भाडी चढतच होती, त्यामुळे बाई खूश. मुलगा इंद्रजीत रंगारी. नवे रंगारी कमी मजुरीत राबायचे, त्यामुळे तो चावडीवर, म्हणजे मजूर उभे राहतात त्या चौकात, दुपारपर्यंत ताटकळून घरी यायचा. आई बाहेरच्यांना दुवा द्यायची आणि मुलगा शिव्या.

त्यात मागच्या खोलीत आले नरहर आणि मीरा, बलांगीरकडचं ओडिया जोडपं. नरहरही रंगारीच निघाला.

"आपल्याच घरात राहते अन् आपलंच काम खाते," इंद्रजीत एकदा जेवताना म्हणाला.

"अरे, माह्या बापालेही लोक असंच म्हणत होते," शामराव म्हणाले.

"त्याईले नोकरी तरी होती, बाबा. मले आज पुन्हा परत यावं लागलं."

पोराचंही खोटं नव्हतं, आणि त्याची मला फार कीव आली.

थोड्या दिवसांनी मीराच्या बाळाचं नाव ठेवायचं ठरलं. तिने मला मागितलं आणि कलावतीबाईंनी आनंदाने दिलं. माझ्यात खिचडी शिजली. जेवणारे भरपूर आले, खरवडसुद्धा उरली नाही. दुसऱ्या दिवशी मीराने मला चिंचेने असं काही घासलं, की भंडाऱ्याहून निघालो तेव्हाही मी इतका लख्ख नसेन. मी हुरळून गेलो. आता आपलं कौतुक होणार, असं मला वाटलं.

कलावतीबाईंनी आत पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला.

"रिकामा?" शेजारची विजया म्हणाली. "आपल्या घरी अन्न पाठवाले लाज वाटली असन तिले."

जुन्या जखमेवर बोट पडलं. संध्याकाळपर्यंत साऱ्या पाऱ्यात तेच. इंद्रजीतला तर आयतं कोलीत मिळालं. "आता तरी काढ त्याईले," तो म्हणाला. कामाचं रडगाणं बाईंनी कधी मनावर घेतलं नव्हतं, पण अपमान त्यांना सोसेना. महिनाअखेर खोली सोडा, असं त्यांनी सांगितलं आणि खोली दुसऱ्या कुणाला कबूल करून टाकली, जास्त भाड्याने.

मीरा विचारत राहिली, "दीदी, हमसे क्या गलती हुई?"

"कमरा हमको ही लगता है," बाई म्हणत. एवढ्याशा गोष्टीसाठी आपण त्यांना घर सोडायला लावतोय, हे मोठ्याने बोलायची त्यांना लाज वाटत होती. मी फळीवर चमकत बसलो होतो. माझ्या त्या चमकेची मला शिसारी आली.

टेम्पोत सामान चढलं. बाळाला कडेवर घेऊन मीरा पाया पडायला आली, तेव्हा मात्र बाईंना राहवेना. त्यांनी सगळं सांगितलं.

मीरा बघतच राहिली. "हमारे गाँव में किसी के बर्तन में दाना भी छोड़ो तो कहते हैं, जूठा लौटाया. मैंने तो घिस-घिसके हाथ छील लिए, दीदी." मग हळूच म्हणाली, "एक बार बता देतीं."

बाईंनी धावत जाऊन गुळाचा खडा आणला आणि तिच्या हातावर ठेवला. नवा भाडेकरू ओसरीत ट्रंक घेऊन उभाच होता. टेम्पो निघून गेला.

दुसऱ्या सकाळी इंद्रजीत चावडीवर गेला. नरहर नव्हता, पण त्याच्या जागी दुसरे उभे होते. दुपारी तो तसाच परत आला.

मित्रांनो, हाताला काम नसलं की माणसाला राग येतो. त्या रागाला मी नावं ठेवणार नाही. पण तो कामाचा राग आहे, हे तरी खरं सांगा. तो माझ्यासारख्या भांड्यात शोधू नका. आणि दारी नवं माणूस आलं, तर आपली रीत त्याला सांगा, त्याची विचारून घ्या. त्या महिन्यात मला बोलता येत नव्हतं. कलावतीबाईंना येत होतं.