कोल्बीचं मनगट

पेगी हॅगर्टी वडिलांची चाकांची खुर्ची ढकलत बेसबॉलच्या मैदानालगतच्या चढावरून वर आली, तेव्हा नदीनचा शेंगदाणे खायला उचललेला हात तसाच राहिला. म्हाताऱ्याच्या डोक्यावर तिच्या मुलाच्या, कोल्बीच्या, कॉलेजची टोपी होती, नवी कोरी.

"आठवडाभर डोकं खाल्लं माझं बाबांनी," पेगी म्हणाली. "कॉलेजांच्या गटाच्या विजेतेपदाचे सामने, नदीनचा मुलगा खेळणार, आणि मी इथे पडून राहू का, म्हणाले."

मिस्टर हॅगर्टींनी हवेत हात पुढे केला. त्यांना आता उजेड आणि सावल्या, एवढंच दिसे. "नदीन, आपला पोरगा कितव्या नंबरला बॅटिंगला येतोय?"

येईल थोड्या वेळात, असं काहीतरी पुटपुटत नदीननं त्यांची खुर्ची जाळीजवळ लावून दिली.

गावातल्या वृद्धाश्रमात ती म्हाताऱ्यांना अंघोळ घालायचं, भरवायचं, चादरी बदलायचं काम करी. तिथेच राहणारे मिस्टर हॅगर्टी तरुणपणी बेसबॉल खेळलेले. कोल्बी कॉलेजच्या संघात गेला त्या वर्षी त्यांनी सहज विचारलं होतं, शनिवारी खेळला का पोरगा? कोल्बी संघात होता हे खरंच होतं. पण तो मैदानाच्या कडेला, कुंपणाशी, पिचर लोकांचे हात मोकळे करून द्यायचा. त्यांनी फेकलेले चेंडू झेलून परत द्यायचा. सामन्यात त्याला कुणी उतरवलं नव्हतं. नदीन साबण लावता लावता 'खेळला' म्हणून गेली. म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला, की पुढच्या आठवड्यात तिनं कोल्बीच्या नावावर एक फटकाही घातला. मग थांबणं जमेना. म्हातारा ते फटके जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना वाढायचा. आणि ती हे फक्त म्हाताऱ्यासाठी करत होती असंही नव्हतं. सांगताना तिलाही बरं वाटे. त्या न्हाणीघरात तिचा मुलगा संघाचा कणा होता.

भोंग्यावरून खेळाडूंची नावं सुरू झाली. म्हाताऱ्यानं कान टवकारले. नावं संपली.

"त्याचं नाव नाही घेतलं."

"मनगट दुखावलंय त्याचं," नदीन म्हणाली. "काल सरावात. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

किती सहज निघालं ते तोंडातून. तिनं मान वर केली, तर जाळीपलीकडे कोल्बी उभा. आईला भेटायला आला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्याच्या नजरेत राग नव्हता. बरेच दिवस मनात असलेला संशय खरा ठरल्यावर माणूस बघतो, तसा तो बघत होता.

"हो सर," तो म्हाताऱ्याला म्हणाला, "जरा मुरगळलंय."

म्हाताऱ्यानं आवाजाच्या रोखानं हात नेऊन जाळीतून त्याची बोटं धरली. "एप्रिलमध्ये तू भिंतीवर आदळलेला चेंडू, बाळा. झोप नाही आली की मी तो आठवत पडतो."

कोल्बीनं आईकडे बघितलं नाही. "वारा पाठीशी होता, सर," तो म्हणाला.

तो गेला आणि थोड्या वेळानं कुंपणाशी दिसला, तेव्हा त्याच्या उजव्या मनगटावर पांढरी पट्टी घट्ट गुंडाळलेली होती. म्हाताऱ्याला दिसत नव्हतं, पण पेगीला दिसत होतं. बरोबरीची पोरं काय झालं म्हणून विचारत असावीत. तो हसून खांदे उडवत होता, आणि त्या आखडलेल्या हातानं चेंडू परत फेकत होता. एरवी सरळ जाणारे त्याचे चेंडू आज वेडेवाकडे पडत होते.

"दुखत असूनही झेलतोय," पेगी कौतुकानं म्हणाली. "गुणी आहे हो."

नदीनला ते ऐकवेना. ती खुर्चीशेजारी खाली बसली आणि म्हाताऱ्याच्या गुडघ्याकडे बघत बोलली. मनगट ठणठणीत आहे. एप्रिलचा फटका नव्हता, त्याच्या आधीचे नव्हते, एकही नव्हता. मागून कुणीतरी ऐकत होतं, तरी तिनं आवाज खाली केला नाही.

मैदानात कुणीतरी धाव काढली, लोक ओरडले.

"पण तो वाऱ्याचं बोलला," मिस्टर हॅगर्टी म्हणाले.

"माझ्यासाठी बोलला."

"मला करमावं म्हणून तू रचत होतीस, हे मी समजू शकतो, नदीन. पण आत्ता त्या पोरालाही खोटं बोलायला कशाला लावलंस?"

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पेगीला म्हणाले, चल. पेगीनं खुर्ची वळवली. निरोप कुणीच घेतला नाही.

नदीन उठली आणि कुंपणाकडे गेली. इतकी वर्षं ती सामन्यांना येत होती, पण बसायची ती खेळणाऱ्या मुलांच्या आईबापांत. इकडे कधी फिरकली नव्हती.

"सांगितलं मी त्यांना," ती कुंपणाअलीकडून म्हणाली. "सगळं."

कोल्बीनं चेंडू झेलला. "मला इथे आवडायचं, आई," तो म्हणाला. मागे न बघता त्यानं दातांनी पट्टीचं टोक ओढलं आणि ती सोडवून टाकली.

संघ एका धावेनं हरला. कोल्बीचं ते शेवटचं वर्ष होतं. बाकीची मुलं आपापल्या आईबापांकडे पांगली, पण पिचर मुलं आधी कुंपणाशी आली. एकेक जण त्याला मिठी मारत होता, कानात काहीतरी बोलत होता. एक धिप्पाड पोरगा तर त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला.

नदीन त्या रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.